परदेशप्रवास आणि हुंडणावळीचा हिशेब

(ज्ञातीच्या उरण येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास, मुलामुलींचे शिक्षण, लग्नकार्यातील खर्च असे विषय मांडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. चालकमंडळींनी आम्हांस ‘परदेशी जाताना परकीय चलन स्वस्तात कसे मिळवावे’ हा विषय दिला, तेव्हा आरंभी आम्ही थोडे संकोचलो. ज्ञातिगंगेपुढे उभे राहून डॉलरच्या भावाची चर्चा करावी, हे शोभेल काय, असे वाटले. परंतु विचार करता ध्यानी आले की, परदेशी निघालेल्या मुलासाठी आपल्यापैकी अनेक आईबापांनी दागिने गहाण टाकले आहेत, जमिनीच्या मोबदल्यातून राखून ठेवलेली शिल्लक मोडली आहे. त्या रकमेतील शेकडा तीन-चार रुपये केवळ अज्ञानामुळे वाटेत गळून पडत असतील, तर तो विषय ज्ञातीचाच आहे. एवढ्या विश्वासाने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आपले उरण हे पूर्वीपासून समुद्राच्या वाटेवरचे गाव. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून भाऊच्या धक्क्यावर उतरावे, ही आपल्या मागच्या पिढ्यांची मुंबईची वाट. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि जगभरची जहाजे आपल्या अंगणात आली. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेचे आणि शिवडी ते न्हावा-शेवा या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. ज्या गावास मुंबईस जाण्याकरिता भरती-ओहोटी पाहावी लागे, त्या गावाच्या उंबऱ्याशी आता विमान आले आहे. जहाजावरील नोकरी, उच्च शिक्षण, लेकीचे बाळंतपण, अथवा केवळ देश पाहण्याची हौस, अशा निमित्तांनी आपली माणसे बाहेर पडत आहेत. वाट सोपी झाली. परंतु वाटखर्चाची विद्या आपण अद्याप शिकलो नाही.

ही विद्या आपल्या समाजास अगदीच अपरिचित होती असे मात्र नव्हे. मराठी भाषेत ‘हुंडणावळ’ हा शब्द आहे, ‘वटाव’ आहे, ‘बट्टा’ आहे. मराठेशाहीत चांदवडी, अंकुशी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये चालत आणि एका रुपयाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापून घेई. शहाणा प्रवासी निघण्यापूर्वीच विचारी की, जेथे जावयाचे तेथे कोणता रुपया चालतो आणि त्यास येथे बट्टा किती पडतो. आज रुपयाच्या जागी डॉलर, दिऱ्हाम आणि युरो आले. सराफाच्या पेढीच्या जागी बँक आणि परवानाधारक नाणेबदल आले. प्रश्न मात्र तोच राहिला.

मग ही सवय मध्यंतरी कोठे लोपली? याचे उत्तर आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन हे अत्यंत दुर्मिळ धन झाले. १९४७ च्या कायद्याने त्याच्या देवघेवीवर नियंत्रण बसविले. १९५७-५८ च्या सुमारास देशाची परकीय गंगाजळी झपाट्याने आटली आणि निर्बंध अधिक कडक झाले. साठीच्या दशकात शिक्षणासाठी निघालेल्या तरुणाच्या खिशात अवघे आठ डॉलर असत, ही हकीकत त्या पिढीतील असंख्य लोकांनी सांगितली आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. १९७३ च्या कायद्याने तर परकीय चलनाचा गुन्हा हा फौजदारी गुन्हा ठरविला.

आपल्या किनाऱ्यास या इतिहासाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. आखातातील कुवेत, बहारीन, कतार इत्यादी प्रदेशांत एके काळी आपलाच रुपया चालत असे. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात होऊ लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशांकरिता निराळ्या नोटा काढल्या. पुढे त्या देशांनी आपापली चलने सुरू केली आणि १९६६ नंतर तेथील रुपयाचे युग संपले. कायद्याच्या मार्गाने चलन मिळत नाही म्हणून लोकांनी आडमार्ग शोधले, आणि ‘ओळखीच्या माणसाकडून गुपचूप मिळेल तोच डॉलर स्वस्त’ अशी एक समजूत घराघरांत रुजली.

येथे आपल्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे स्मरण करणे आम्ही कर्तव्य समजतो. महाडनजीकच्या नाते या गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे जगाच्या चलनव्यवस्थेचा आराखडा ठरविणारी परिषद भरली, तीत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. रायगडच्या मातीतील एका माणसाने जगाच्या हुंडणावळीच्या चर्चेत भाग घेतला. मग त्याच जिल्ह्यातील आपण आपल्या घरापुरता हिशेब समजून घेण्यास का कचरावे?

त्या टंचाईच्या काळाची आणि आजची परिस्थिती अगदी भिन्न आहे. १ जून २००० पासून नवा परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागू झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची अथवा पाठविण्याची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या गरजेहून ती कितीतरी मोठी आहे. म्हणजे आडमार्गाचे कारण उरले नाही. आडमार्गाची सवय मात्र उरली. टंचाईच्या दिवसांत जी चतुराई वाटत होती, तीच आज तोट्याचे मूळ झाली आहे, हेच आम्हांस आज मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघाली. एका परिचिताने ‘बाजारभावापेक्षा दोन रुपये कमी’ असे म्हणून डॉलरच्या नोटा पाकिटात घालून आणून दिल्या. पावती नाही, नोंद नाही. परक्या शहरात पोचल्यावर त्यांतील काही नोटा खोट्या निघाल्या. एकट्या मुलीस तेथे किती मानहानी सोसावी लागली असेल, याची कल्पना करावी. इकडे वडिलांनी त्या परिचितास विचारले, तर त्याने दुसऱ्याकडे बोट दाखविले आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तक्रार कोठे करणार? खरेदीच बेकायदा होती.

आपल्या गावात हा मोह अधिक आहे, कारण आपल्या ओळखीत जहाजावर नोकरी करणारे तरुण आहेत. ते घरी येताना डॉलर आणतात आणि शेजारी प्रेमाने म्हणतात, ‘बाबा, मलाच दे, बँकेपेक्षा तुलाही चार पैसे अधिक मिळतील.’ दोघांचाही हेतू निर्मळ असतो. तथापि कायदा असे सांगतो की, परकीय चलनाची देवघेव परवानाधारकाशीच करावी. नियमभंग सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. दोन-चार हजार रुपयांच्या बचतीसाठी ज्या मुलाची नोकरीच दर्यावर आणि परदेशी बंदरांवर अवलंबून आहे, त्यास चौकशीच्या फेऱ्यात लोटणे ही कोणती आपुलकी? जहाजावरील बंधूंनी आपले डॉलर बँकेत अथवा परवानाधारकाकडे वटवावेत आणि शेजाऱ्याने आपले डॉलर तेथूनच घ्यावेत. प्रेम दाखविण्यास अन्य मार्ग पुष्कळ आहेत.

आता कायद्याच्या चौकटीत राहून पैसे कसे वाचवावेत, ते पाहू. पहिले सूत्र असे की, नुसता भाव विचारू नये. हाती पडणाऱ्या डॉलरमागे एकंदर किती रुपये गेले, हे विचारावे. समजुतीसाठी कल्पित आकडे घेऊ. आपणांस १,००० डॉलर हवे आहेत. पहिला विक्रेता ९१ रुपये ५० पैसे भाव सांगतो आणि निराळा आकार घेत नाही. दुसरा ९० रुपये ८० पैसे सांगतो, परंतु १,००० रुपये सेवा-आकार लावतो. पहिल्याकडे ९१,५०० रुपये होतात. चलनबदलावर वस्तू व सेवा कर असतो. एक लाखापर्यंतच्या रकमेच्या एक टक्क्यावर तो १८ टक्के दराने, म्हणजे शेकडा १८ पैसे, पण किमान ४५ रुपये, असा पडतो. तो येथे १६४ रुपये ७० पैसे झाला. एकूण ९१,६६४ रुपये ७० पैसे. दुसऱ्याकडे ९०,८०० रुपये, हजार रुपये आकार, त्या आकारावर १८० रुपये कर आणि चलनबदलाचा १६३ रुपये ४४ पैसे कर. एकूण ९२,१४३ रुपये ४४ पैसे. भावात सत्तर पैशांनी स्वस्त दिसलेला डॉलर अखेरीस सुमारे ४७९ रुपयांनी महाग पडला. ‘शून्य आकार’ अशी पाटी लावणाराही आपला नफा भावात मिळवितोच. म्हणून एकंदर रक्कम कागदावर लिहून मागावी आणि मगच दोघांची तुलना करावी.

तुलनेसाठी मूळ माप हवे. ‘एफबीआयएल’ ही संस्था डॉलर, पौंड, युरो, येन अशा प्रमुख चलनांचे संदर्भदर कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. तो भाव आपणांस मिळणार नाही, तो घाऊक बाजाराचा आहे. परंतु विक्रेता त्यावर किती चढवितो, हे त्यावरून कळते. सोन्याचा दागिना घेताना आपण सोन्याचा भाव आणि घडणावळ निरनिराळी विचारतो, तसाच हा प्रकार. बँकेमार्फत डॉलर घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी २०१९ साली ‘एफएक्स-रिटेल’ नावाची व्यवस्थाही सुरू झाली आहे. तीत बाजाराचा भाव आणि बँकेचा आकार वेगवेगळे दिसतात. मोठी रक्कम असेल त्यांनी आपल्या बँकेत तिची चौकशी करावी.

दुसरे सूत्र: नोटा थोड्या, कार्ड अधिक. कागदी नोट परदेशातून आणावी लागते, तिचा विमा उतरवावा लागतो, ती तिजोरीत पडून राहते. हा सर्व खर्च तिच्या भावात शिरतो. म्हणून आगाऊ पैसे भरलेल्या प्रवासी कार्डावरील डॉलर बहुधा नोटेपेक्षा स्वस्त पडतो. शिवाय साधारणपणे एका प्रवासास ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात. काही देशांसाठी व हज यात्रेसाठी नियम निराळे आहेत. पोचल्यावर टॅक्सी, चहापाणी, अडीअडचण एवढ्यापुरत्या नोटा घ्याव्यात, बाकी कार्डावर. मात्र ज्या चलनाचा देश, तेच चलन कार्डावर भरावे. डॉलर भरून युरोत खर्च केला, तर पुन्हा बदलणावळ पडते. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया अशा देशांचे चलन येथे महाग मिळते. तेथे नव्या, स्वच्छ डॉलरच्या नोटा नेऊन तेथेच बदलून घेणे पुष्कळदा फायद्याचे ठरते.

आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डाबाबत सावध असावे. अनेक कार्डांवर परदेशी खर्चास साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे लाखाच्या खरेदीस ४,१३० रुपये. काही कार्डांवर हा आकार मुळीच नसतो. निघण्यापूर्वी आपले कार्ड कोणत्या वर्गातील आहे, हे बँकेस विचारावे.

तिसरे सूत्र आम्ही स्वतः किंमत मोजून शिकलो. परदेशातील एका दुकानात कार्ड पुढे केले असता यंत्राने विचारले, ‘रुपयांत देता की येथील चलनात?’ रुपया दिसताच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले आणि आम्ही रुपया निवडला. घरी येऊन हिशेब केला, तेव्हा कळले की, त्या प्रेमापायी भाव चांगलाच चढा लागला होता. अशा वेळी नेहमी तेथील स्थानिक चलनच निवडावे. पैसे देणाऱ्या यंत्रातून नोटा काढतानाही हाच नियम. आणि दर वेळी आकार पडत असल्याने थोडी थोडी रक्कम वारंवार काढू नये.

चौथे सूत्र: घाई ही सर्वांत महाग दलाल आहे. विमानतळावरील खिडकीवर भाव बहुधा चढा असतो, कारण तेथे आलेल्या माणसास दुसरीकडे जाण्यास वेळ नसतो. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी पारपत्र, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड घेऊन पनवेल, वाशी अथवा मुंबई येथील तीन ठिकाणी चौकशी करावी. विक्रेता परवानाधारक आहे काय, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे. ५०,००० रुपये वा अधिक रकमेचे चलन रोख रुपये देऊन घेता येत नाही. पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि पावती परतीपर्यंत जपावी. डॉलर आणखी उतरेल या आशेने अखेरच्या दिवसापर्यंत थांबणे हा जुगार आहे. रक्कम दोन-तीन हप्त्यांत घेतली म्हणजे मन शांत राहते.

विद्यार्थ्यांच्या पालकांस दोन शब्द. विद्यापीठाचे शुल्क रोखीने नेऊ नये. बँकेमार्फत थेट पाठवावे, आणि मधल्या बँकांचा आकार कोण सोसणार हे आधी ठरवावे, नाहीतर शुल्क पोचताना थोडे कमी पोचते आणि मुलास खेटे घालावे लागतात. परदेशी रक्कम पाठविताना ‘टीसीएस’ नावाची एक कपात २०२० पासून लागू आहे. २०२५ च्या एप्रिलपासून तिची मर्यादा वर्षास दहा लाख रुपये झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या शुल्कास तीतून सूट मिळाली. सहलीच्या एकत्रित योजनांना निराळा नियम आहे. हे दर वारंवार बदलले असल्याने चालू वर्षाचा दर विचारूनच घ्यावा. ही कपात बुडीत नसते. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ती मागून घेता येते. आपल्यापैकी अनेकांनी विवरणपत्र न भरल्यामुळे ती सोडून दिली आहे, ही दुःखाची गोष्ट होय.

परतल्यावरचा नियमही लक्षात ठेवावा. उरलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करावयाचे असते. नोटांच्या रूपाने २,००० डॉलरपर्यंत पुढील प्रवासासाठी ठेवता येतात. विकताना भाव खरेदीपेक्षा खाली मिळतो आणि नाणी सहसा कोणी घेत नाही. तेव्हा गरजेपुरतेच न्यावे, ही सर्वांत सोपी बचत.

बंधुभगिनींनो, समारोप करतो. या सभागृहात परदेशी जाऊन आलेली अनेक माणसे बसली आहेत. प्रत्येकाने कोठेतरी ठेच खाल्ली आहे; परंतु ती ठेच आपण सांगत नाही, आणि म्हणून मागून येणारा त्याच दगडावर पुन्हा आपटतो. आमची एक सूचना आहे. संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. परदेशाहून आलेल्या प्रत्येकाने तीत चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या देशी गेलो, चलन कोणत्या रूपात नेले, दर डॉलरमागे एकंदर किती रुपये पडले, आणि कोठे चूक झाली. संस्थेने पैशाला हात लावू नये, कोणाची दलाली करू नये. केवळ माहिती जतन करावी. दोन-तीन वर्षांत ती वही एखाद्या नव्या विद्यार्थ्याच्या बापास कोणत्याही हितचिंतकाच्या पाकिटापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

चलन बदलताना थोडा बट्टा पडणारच. तो कमी कसा करावा, हे हिशेबाने साधते. परंतु दोन रुपयांच्या लोभाने नावाला जो बट्टा लागतो, तो कोणत्याही पेढीवर भरून निघत नाही. आपल्या मुलांनी खुशाल सातासमुद्रापार जावे, खिशात पुरेसे चलन आणि त्या चलनाची पावती घेऊन जावे, आणि परतल्यावर त्या वहीत चार ओळी लिहाव्यात, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.